रुंद की उंच

गाडी उचलून उंच करून घेतली त्या दिवसापासून सावनीला ती आपल्या घरातली वाटेनाशी झाली. आधी पिकअप अंगणात आली की दावणीला आलेल्या म्हशीसारखी मुकाट उभी राहायची. आता स्प्रिंगच्या पाट्यांवर जादा पाटे चढवल्यावर ती टाचा उंचावून शेजाऱ्याच्या गडग्यापलीकडे डोकावणाऱ्या बाईसारखी दिसत होती. राहीला आत बसवायचं म्हणजे आधी तिला काखोटीला मारायचं, मग दाराच्या दांड्याला धरून स्वतःचा एक पाय वर टाकायचा, आणि मग देवाचं नाव घेऊन उरलेलं अंग. राही चार वर्षांची, तिला त्यात गंमत वाटायची. "आई, आपण माडीवर बसलो," म्हणायची.

यज्ञेशचं मात्र समाधान नव्हतं. तो गाडीभोवती फिरायचा, लांब जाऊन बघायचा, डोळे बारीक करायचा.

"चाकं बारकी दिसतात गो," तो म्हणाला. "धड पैलवानाचं आणि पाय बगळ्याचे."

"चालतात ना?"

"चालण्याचा प्रश्न नाही. उचलली कशासाठी? मोठी चाकं मावावीत म्हणून. अर्धं काम झालंय."

अर्धं काम झालंय, हे वाक्य सावनीच्या संसाराच्या उंबऱ्यावर कोरून ठेवावं असं होतं. विहिरीवरचा पंप, आंबे पिकवायची खोली, न्हाणीघराचं दार, सगळ्यांचं अर्धं काम झालेलं. उरलेलं अर्धं तिच्या वाट्याला यायचं. म्हणजे त्यातलं काही पडत नाही ना, कुणाच्या डोक्यात बसत नाही ना, इकडे डोळा ठेवायचा. डोळा ठेवून ठेवून ती शिणली होती, पण मिटायची सोय नव्हती.

तशी गाडी उचलण्यात त्याची चूक नव्हती. बाग खंडाने देणं बंद करून स्वतः करायची असं त्याने ठरवलं, आणि सासूबाईंना मांडवीच्या घरी ठेवून हे तिघं सड्यावर राहायला आले. डांबरी रस्ता चिऱ्याच्या खाणीपाशी संपायचा. पुढे उघडा कातळ, आणि त्या कातळावरून बागेपर्यंत गेलेली जुनी बैलगाडीची वाट. कधीकाळी भात नि चिरे भरलेल्या गाड्या याच वाटेने खाडीच्या धक्क्याला जात. त्यांच्या लोखंडी धावांनी जांभ्या दगडात दोन खोल खाचा पाडल्या होत्या. हीच चाकोरी. पिकअपची चाकं तिच्यात अगदी मापाने शिवल्यासारखी बसायची. पण दोन खाचांच्या मधला कातळ उंचच राहिलेला, तो गाडीच्या पोटाला लागायचा. मागच्या आसाच्या मधोमध असलेला लोखंडी गोळा दगडावर खर्रकन घासला की यज्ञेश दात आवळायचा, जसा काही त्याच्याच पाठीवर ओरखडा उठला. म्हणून त्याने लांज्याला नेऊन पाटे चढवून घेतले. पाट्यांनी हौदा वर गेला. गोळा मात्र चाकांबरोबर, जिथल्या तिथे. घासायचा तो घासतच राहिला.

"मला ठाऊक होतं ते," यज्ञेश म्हणाला. "आधी चाकाला जागा केली. आता चाक."

सावनीला गोळ्याचं फारसं काही नव्हतं. तिला राहीच्या छातीचं होतं.

मोहोरावर फवारण्या सुरू झाल्या की राहीची छाती भरायची. आधी नुसता कोरडा खोकला, मग श्वासाबरोबर बरगड्यांमधली कातडी आत ओढली जायची, नाकपुड्या सशासारख्या फुलायच्या. डॉक्टर वाफ द्यायचे, आणि थोड्या वेळात पोर दवाखान्यातल्या बाकावर उड्या मारायला लागायची. पण त्या वाफेपर्यंत पोचायचं कसं? गेल्या वर्षी यज्ञेश मालाच्या ट्रकबरोबर वाशीला गेलेला असताना राहीला धाप लागली. पिकअप अंगणात उभी होती, किल्ली खुंटीला होती. सावनीने किल्लीकडे बघितलं, गाडीकडे बघितलं, आणि राहीला खांद्यावर टाकून रणरणता सडा तुडवत खाणीपर्यंत चालत गेली. तिथून चिऱ्याच्या एका ट्रकने पुढे नेलं.

पावसाळा सरल्यावर ती गाडी चालवायला शिकली. लोकांना ती हौस वाटली. सासूबाई म्हणाल्या, "आता विमानही शिकून घे, सड्यावर जागा आहे उतरवायला." यज्ञेशने चारचौघांत कौतुक केलं. का शिकली ते त्याने विचारलं नाही, आणि तिनेही सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तो म्हणाला असता, "मी असतोच की."

आंबा आता तोंडावर आला होता. वाशीच्या खेपा सुरू होणार होत्या. आणि गाडी टाचांवर उभी होती. आठवड्यापूर्वीच शहराकडे उतरताना एका वळणाला ती अशी कलंडली की राहीचं डोकं काचेवर आपटून टेंगूळ आलं. यज्ञेशने बर्फ लावला, चॉकलेट आणलं. सावनी त्या वळणावर रोज मनातल्या मनात पुन्हा पुन्हा कलंडत होती.

म्हणून तो "लवूशेटकडे जाऊन येतो" म्हणाला तेव्हा ती चप्पल घालून आधीच अंगणात उभी होती.

"तू कशाला? उन्हात पोरीला घेऊन?"

"चाकं बघायला."

"चाकात काय बघणार तू?"

"तू काय बघणार आहेस?"

तो हसला आणि त्याने दार उघडलं.

लवूशेटचं टायरचं दुकान साळवी स्टॉपला. बनियनवर शर्ट उघडा टाकून बसलेला, पोट पुढे, जीभ त्याहून पुढे, असा माणूस. गिऱ्हाईक आलं की आधी चहा, मग घरची चौकशी, मग टायर.

"या यज्ञेशशेट. वैनी, बसा. पोरीला त्या टायरात बसवा, पाळना होतोय."

राही टायरच्या कड्यात जाऊन बसली. सावनीने स्टूल तिच्याजवळ ओढलं. टायर घरंगळणार नाही ना, हे तिने पायाने ढकलून बघितलं.

लवूशेटने पोत्याखालून चारांतली दोन चाकं काढली. चकचकीत डिस्क, तिच्यावर गुबगुबीत रुंद टायर. "ह्ये बघा. मुंबैत कुना हौशी मानसाच्या जीपला होते. बायको बोल्ली, एक तर जीप ठेवा, नायतर मला. त्यानं जीप विकलीन."

"बायको ठेवलीन का?" यज्ञेशने विचारलं.

"आता ता काय आपल्याला म्हायती? टायर आले, आपन टायर घेतले."

दोघे हसले. यज्ञेशने वाकून टायरवरून हात फिरवला, जसा जत्रेत बैलाच्या वशिंडावरून फिरवतात. ही डिस्क अशी होती, की चाक गाडीच्या अंगाबाहेर चार-चार बोटं येणार होतं. रुंदी वाढणार, थोडी उंचीही वाढणार, गाडी दिसणार.

"आणि ते?" सावनीने कोपऱ्यातल्या थप्पीकडे बोट केलं. उंच, अंगाने अरुंद, जाड-जाड पट्ट्यांच्या नक्षीचे काळे टायर.

"ते सातशे-सोळा मापाचे. मिल्ट्रीच्या गाड्यांला असतात तसे. तुमच्या हायेत त्याच डिस्कवर बसतील. पन दिसायला सुतकी."

"बैलगाडीची चाकं वाटतात," यज्ञेश म्हणाला.

"यातल्या कुठल्या चाकाने गाडी कमी कलेल?" सावनीने विचारलं.

प्रश्न तिने विचारला, उत्तर यज्ञेशला मिळालं. "त्याचा हिशेब असा हाय यज्ञेशशेट. मानूस पाय फाकवून उभा ऱ्हायला तर पडत नाय. पाय जुळवून उभा ऱ्हायला नि कुनी धक्का दिला तर पडतो. गाडी तुमी उचललात. उचललेल्या गाडीला पाय फाकवायला पायजेत. मंजे रुंद."

सावनीला ते पटलं. पटलं म्हणण्यापेक्षा, राहीच्या कपाळावरच्या टेंगळाला पटलं. बसमध्ये उभं राहताना आपण पाय फाकवतोच की. यज्ञेशने नुसतं रूप बघितलं असतं आणि ती अडून बसली असती, तर पुढचं सगळं वाचलं असतं. पण त्या क्षणी दोघांचं एकमत झालं, जे त्यांच्यात वरचेवर होत नसे.

"रुंदच घेऊ या," ती म्हणाली.

यज्ञेशने चमकून बघितलं. त्याची भांडायची तयारी वाया गेली होती.

"आत्ता घालून देतो," लवूशेट म्हणाला. "वर नेऊन फिरवून बघा. बरी वाटली तर ठेवा, नायतर आनून द्या. तुमचे जुने हितंच ऱ्हातील. फकस्त घासूनपुसून आना मंजे झाला."

डांबरावर गाडी खरोखर बसली. वळणाला ती कलेना. यज्ञेश शीळ घालायला लागला, आणि सावनीने किती तरी दिवसांनी पाठ सीटला टेकवली. राही म्हणाली, "आता डुलत नाही." खाणीपाशी दोन माणसं काम थांबवून बघत राहिली, तेव्हा यज्ञेशने उगाचच हॉर्न वाजवला.

मग डांबर संपलं.

पहिल्यांदा नुसता हिसका बसला. मग डावं पुढचं चाक चाकोरीत घसरलं, आणि उजवं मात्र तिच्या बाहेरच्या कडेवर चढून बसलं. गाडी उताराच्या बाजूला अशी झुकली, की राही सावनीच्या अंगावर आली आणि सावनी दारावर. यज्ञेशने स्टिअरिंग ओढलं. डावं वर आलं, उजवं आत गेलं, गाडी दुसऱ्या बाजूला झुकली. एक पाय नाल्यात, एक बांधावर, अशा चालीने ती दारुड्यासारखी पुढे सरकत होती.

"थांबव."

"होतं गो. सवय होईल."

"यज्ञेश, थांबव."

त्याने थांबवली. सावनी राहीला घेऊन खाली उतरली, म्हणजे जवळजवळ पडली, आणि गाडीच्या मागे जाऊन उभी राहिली. मागून सगळं स्वच्छ दिसत होतं. दोन खाचा होत्या तिथेच होत्या, आणि चाकं त्यांच्या बाहेर पडली होती, दोन्हीकडून चार-चार बोटं. एक खाचेत बसलं की दुसऱ्याला जागा नाही. हे कुणालाही दिसलं असतं. ही वाट तर रोजची होती. पण दुकानात उभं राहून चाकं बघताना दोघांनाही आठवलं डांबर.

यज्ञेश उतरून आला. त्यालाही दिसलं. तो थोडा वेळ कमरेवर हात ठेवून उभा राहिला.

"मग चाकोरीबाहेरून जाऊ," तो म्हणाला. "केवढा सडा पडलाय."

चाकोरीबाहेर. चिपळूणला कॉलेजात असताना सावनीने याच विषयावर वक्तृत्वाची ढाल मिळवली होती. चाकोरी म्हणजे मनाचं डबकं, असं तिने टेबलावर मूठ आपटून सांगितलं होतं, आणि परीक्षकांतल्या एका बाईंनी मान डोलावली होती. तेव्हा चाकोरी नावाची वस्तू तिने बघितलीच नव्हती. तो शब्द असा दगडातून आलाय, कुणाच्या तरी बैलांनी तो पिढ्यान् पिढ्या ओढून आणलाय, हे तिच्या गावीही नव्हतं. आता ती त्या खाचेच्या काठावर उभी होती, आणि डोळ्यांपुढे उघडा सडा होता. पावसाने खाल्लेली भोकं, वाळल्या गवताखाली दडलेल्या भेगा, मध्येच गुडघाभर उंच दगड. गाड्या हाकणाऱ्यांना सडा दिसत नव्हता असं थोडंच होतं.

"तू ने," ती म्हणाली. "आम्ही चालत येतो."

गाडी कातळावरून उड्या मारत पुढे गेली. सावनी राहीला कडेवर घेऊन मागून चालत राहिली. ऊन पायाखालच्या दगडातून वर येत होतं. राही जड झाली होती, गेल्या वर्षीपेक्षा बरीच जड. पुढच्या वर्षी आपल्याला हिला उचलून खाणीपर्यंत नेता येणार नाही, हे तिला तिथे, चालता चालता कळलं.

अंगणात आल्यावर तिने राहीला ओटीवर बसवलं, पाणी दिलं, आणि यज्ञेशपुढे हात केला.

"किल्ली दे."

"आता कुठे निघालीस?"

"कुठे नाही. बघते."

ती वर चढली. गाडी चालू केली, पहिल्या गिअरमध्ये सावकाश पुढे घेतली, आणि पायरीच्या अलीकडे स्टिअरिंग वळवायला गेली. ते वळलं नाही. तिने दोन्ही हातांनी ओढलं, मग पार्श्वभाग सीटवरून उचलून सगळं अंग त्यावर टाकलं. थोडं हललं. रुंद टायर जमिनीला जळवेसारखे चिकटले होते.

"जागेवर नाही वळवायचं," यज्ञेश खालून म्हणाला. "गाडी सरकती ठेवायची आणि वळवायचं."

"खाणीच्या वळणाला? तिथे एका बाजूला खड्डा आहे. तिथे गाडी जागेवरच वळवावी लागते."

"तिथे मी असतोच की."

तिने गाडी बंद केली. खाली उतरली नाही. वरूनच बोलली, आवाज न चढवता. चढवायला अंगात काही उरलं नव्हतं.

"तू वाशीला असतोस."

"सारखा नसतो."

"राहीची छाती तू घरी असताना भरते, असा काही नियम आहे का? गेल्या वर्षी मी चालत गेले. ही गाडी इथे उभी होती. मी शिकले ती कशासाठी शिकले असं वाटलं तुला? बाजारात मिरवायला?"

ओटीवर राहीने फुलपात्र कलतं केलं आणि पाण्याची धार पायरीवरून खाली आली. तिघांनीही ती धार जाताना बघितली.

"बोलायचंस ना तसं," शेवटी तो म्हणाला.

"बोलले असते. तू म्हणाला असतास, मी असतोच की."

तो हसेल असं तिला वाटलं होतं. तो हसला नाही. ती उतरल्यावर तो वर चढला, आणि त्याने स्टिअरिंग एका हाताने वळवून बघितलं. मग दुसराही हात लावला. "जड झालंय खरं," तो स्वतःशीच म्हणाला, आणि फडकं घेऊन चकचकीत डिस्क पुसत बसला. पाव्हण्याला निरोप देण्यापूर्वी करतात तसं.

दुसऱ्या दिवशी न्हाणीतून बाहेर येताच तो म्हणाला, "चल, लवूकडे. पण लोक हसणार हां, आधीच सांगतो."

"हसू देत."

लवूशेटने गाडी लांबूनच ओळखली. "काय, वैनींनी नापास केली?"

"चाकोरीत बसत नाहीत," सावनी म्हणाली.

"चाकोरीत मंजे?"

"म्हणजे चाकोरीत. सड्यावरच्या, बैलगाडीच्या."

"आयला, मग ता आधी बोलायचा नाय काय? मी समाजलो तुमी डांबरावरून मिरवनार." त्याने सातशे-सोळाच्या थप्पीवरचं पोतं ओढून काढलं. "मग ह्येच. उंची मिळंल, पोट घासायचा नाय. तुमच्याच डिस्क, मंजे चाक हाय तिथंच ऱ्हायल."

"आणि वळवायला?"

"काय वळवायला?"

"स्टिअरिंग. जड होईल का? मला जागेवर वळवावं लागतं."

लवूशेटने आता पहिल्यांदा तिच्याकडे नीट बघितलं. "तुमी चालवता?"

"चालवते."

त्याने यज्ञेशकडे बघितलं, खरं-खोटं करून घ्यायला. यज्ञेश टायरच्या पट्ट्यांमध्ये अडकलेला खडा नखाने काढत होता. तो काढून झाल्यावर म्हणाला, "तीच चालवणार. मी सीझनभर वाशीला असतो."

सावनी राहीच्या फ्रॉकची गाठ सोडून पुन्हा बांधायला लागली. ती आधीच नीट बांधलेली होती.

"मग वैनी, तुमालाच सांगतो," लवूशेट म्हणाला, आणि यावेळी खरंच तिला सांगू लागला. "जमिनीला कमी लागतो, मंजे वळवायला हलका. तुमच्या जुन्यापरीस थोडा जड, पन ह्या रुंदांसारका नाय. चाकोरीत काय भ्या नाय. पन डांबरावर वळनाला सावकाश. उंच गाडी, बारीक पाय, झोल खानार. तेवढा काय मला मिटवता येनार नाय."

"दोन्ही मिटेल असं काही नाही?"

"तसा असता तर मी दुकानात कशाला बसलो असतो?"

तिने मान हलवली. वर चाकोरी, खाली वळणं, आणि दोन्हीकडे एकच पोर. कुठे पडायची भीती घ्यायची तेवढं निवडायचं होतं. डांबरावर निदान हळू जाणं आपल्या हातात आहे, असा तिने विचार केला. मागून हॉर्न वाजतील. वाजू देत.

"हेच घाला," ती म्हणाली.

"बैलगाडी दिसणार," यज्ञेश पुटपुटला.

"वाट बैलगाडीची नि ऐट मोटारीची, कसा जमायचा?" लवूशेटने पाना हातात घेतला.

टायर चढले. हसणारे हसले. खाणीवरच्या एकाने "बैल कुठे सोडलात?" असंही विचारलं. यज्ञेश चार दिवस घुश्शात होता, मग त्याने गोळ्याखाली वाकून बघितलं. नवा ओरखडा नव्हता, तेव्हा घुस्सा गेला. संध्याकाळी तो सावनीला घेऊन खाणीच्या वळणावर जायचा, स्वतः खाली उतरून दगडावर बसायचा आणि तिला गाडी वळवायला लावायचा. सूचना फार करायचा. तरी उतरून बसायचा, हे तिला पुरेसं होतं.

एप्रिलात तो वाशीला गेला. तिसऱ्या दिवशी दुपारी जेवताना राही खोकली. सावनीचा घास हातात राहिला. खोकला पुन्हा आला, कोरडा. थोड्या वेळाने तिने फ्रॉक वर करून बघितलं. बरगड्यांमधली कातडी आत जात होती.

तिने भात झाकून ठेवला, किल्ली घेतली, राहीला काखोटीला मारून वर चढवलं आणि ओढणीने सीटला सैल बांधलं. "आई, तू चालवणार?" राहीने विचारलं. बोलताना तिला मध्ये श्वास घ्यावा लागला. "हो. तू बोलू नको," सावनी म्हणाली.

फाटकातून बाहेर पडताना तिला घाम फुटला होता. मग चाकं चाकोरीत उतरली, आधी पुढची, मग मागची, दोन्ही बाजूंना सारखी, आणि गाडी सरळ झाली. इथे तिला फारसं करायचं काही नव्हतं. स्टिअरिंग नुसतं हातात धरायचं, दगड आपणच नेत होता. मधला कातळ पोटाखालून आवाज न करता मागे गेला. तिने एकदा डोळ्याच्या कोपऱ्यातून राहीच्या नाकपुड्या बघितल्या, पुन्हा समोर बघितलं.

खाणीच्या वळणावर गाडी जवळजवळ थांबवावी लागली. एका अंगाला खड्डा, खाली चिऱ्यांच्या थप्प्या. कामावरची माणसं हातोडे थांबवून बघत होती, पण कुणी काही बोललं नाही. तिने दोन्ही हातांनी ओढलं. दंडात कळ आली. चाक वळलं, तिला वाटलं होतं त्यापेक्षा हळू, पण वळलं.

डांबरावर गाडी झोल खायला लागली. ती इतकी सावकाश गेली, की मागून रिक्षावाल्यांनी हॉर्न वाजवले, एकाने बाजूने जाताना मान बाहेर काढून काहीतरी म्हटलं. राही काचेला टेकली नाही. दवाखान्यापाशी गाडी तिरकी, दोन गाड्यांची जागा अडवून, उभी राहिली. तिने ती तशीच सोडली.

वाफ घेऊन राही नेहमीसारखी बाकावर चढली. डॉक्टर म्हणाले, संध्याकाळी पुन्हा एकदा आणा. दुसरी वाफ झाल्यावर वर जायचं तिच्या मनात होतं. पण ती झाल्यावर तिने गाडी मांडवीला, सासूबाईंच्या घरी घेतली.

सासूबाई दारात आल्या. आधी राहीला बघितलं, मग त्या उंच गाडीला, मग तिच्यामागे कुणी उतरतंय का ते.

"एकटीने आणलीस?"

"हो."

"त्या सड्यावरून?"

"हो, आई."

त्यांनी विमानाचं काही काढलं नाही. आत जाऊन मऊ भात टाकला.

दिवेलागणीला यज्ञेशचा फोन आला. बागेच्या फोनवर कुणी उचललं नाही म्हणून त्याने इकडे लावला होता, आवाजात धाकधूक होती. सासूबाईंनी काय ते सांगून रिसीव्हर सावनीकडे दिला.

"आता कशी आहे?"

"झोपलीय. दोनदा वाफ दिली."

"गाडीने त्रास नाही ना दिला?"

"वळणावर जड गेली. डांबरावर हलते फार."

"पण आलीस."

"आले."

तिकडून पेट्या आपटल्याचे आवाज येत होते, कुणीतरी भाव ओरडत होतं. त्याने विचारलं, "उद्या सकाळी जाशील ना वर? कलमांना पाणी सोडायचंय, घर उघडं-वाघडं."

"उद्या नाही. परवा बघू."

"का गो?"

"दंड भरून आलेत. उद्या मला काही वळवता येणार नाही."

"बाग एकटी आहे सड्यावर."

"बागेची छाती भरत नाही, यज्ञेश."

पेट्यांचा आवाज चालू राहिला. मग तो म्हणाला, "बरं. मी गड्याला निरोप धाडतो पाण्याचं बघायला. तू नीज."

तिने रिसीव्हर ठेवला आणि राहीशेजारी जाऊन पडली. सासूबाईंनी आतून विचारलं, जेवतेस ना. ती "हो, आलेच" म्हणाली. राहीचं पोट वर-खाली होत होतं, बरगड्या दिसत नव्हत्या. रोज ती असं बघत राहायची, राहीचा श्वास पुरता लांबल्याशिवाय तिचा डोळा लागत नसे. आज बघता बघता मध्येच कुठेतरी तिच्या पापण्या मिटल्या. सासूबाई ताट घेऊन आल्या, थोडा वेळ उभ्या राहिल्या, आणि ताट झाकून ठेवून दिवा मालवून गेल्या.